लॉ सीईटीची तयारी कोकणातून: थोडी पुस्तकं, एक पेपर, एक मोबाइल आणि एक वही

गेल्या जूनमध्ये, पाऊस नुकता धरला होता तेव्हा, बारावीतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत सात पुस्तकं. दोन एमपीएससीची, एक चुलतभावाने बँकेच्या परीक्षेसाठी घेतलेलं, एक क्लॅटचं इंग्रजी जाडजूड गाईड, एक सामान्यज्ञानाचं आणि दोन अशी की त्यांची मुखपृष्ठंच गेलेली. मोबाइलमध्ये चार टेलिग्राम ग्रुप आणि त्यांतून उतरवलेल्या पीडीएफची लांबच लांब रांग. तिने विचारलं, "ताई, यातलं आधी काय वाचू?"

मी सिंधुदुर्गातल्या ओरोसला वकिली करते आणि रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात लॉ सीईटी, म्हणजे कायद्याच्या पदवीची राज्याची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या मुलांबरोबर बसते. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पुण्यामुंबईसारखे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली नाहीत, त्यामुळे मुलं जे हाताला लागेल ते गोळा करतात. साधनं मिळतच नाहीत असे दिवस आता राहिलेले नाहीत. पण कुठल्या साधनाकडून कुठलं काम करून घ्यायचं, हे त्यांना कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक साधनाला एकच काम द्या आणि त्या सगळ्यांना बांधणारी एक वही ठेवा. ते प्रत्यक्षात कसं करायचं, ते खाली सांगते.

पायरी १: परीक्षा कुठली ते पक्कं करा

बारावीनंतर पाच वर्षांचा एलएलबी आणि पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी या दोन्हींसाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगवेगळ्या परीक्षा घेतो. दोन्ही संगणकावर होतात, चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, वेळ दोन तास असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिसतात, इंग्रजी भाषेचा विभाग अर्थातच इंग्रजीत. पूर्वी 150 प्रश्न असत, 2025पासून ते 120 झाले. म्हणजे जुना 150 प्रश्नांचा पेपर सोडवताना घड्याळ तसंच लावलंत तर आजच्यापेक्षा जास्त धावपळ होईल. ती सवय वाईट नाही, पण गुणांची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं असेल तर क्लॅट. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅट फक्त इंग्रजीत असते, कागदावर होते आणि गेली काही वर्षं डिसेंबरात होते आहे. तिथेही 120 प्रश्न आणि दोन तास, पण चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. शिवाय 2020पासून तिचा घाटच बदलला आहे: साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे द्यायचे आणि त्यांवर प्रश्न विचारायचे. नुसत्या पाठांतराला तिथे जागा उरलेली नाही.

दोन्ही द्यायच्या असतील तर जरूर द्या, पाया एकच आहे. मात्र क्लॅटचं गाईड घेऊन राज्याच्या सीईटीची तयारी करणं किंवा त्याच्या उलट करणं, यात वेळ जातो. राज्याच्या परीक्षेत एका ओळीचे थेट माहितीचे प्रश्न अजून पुष्कळ येतात, क्लॅटमध्ये ते जवळपास नाहीत. माहिती पुस्तिका मात्र दरवर्षी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या आणि पहिली पानं पेन हातात धरून वाचा. ग्रुपवर फिरणाऱ्या गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका.

पायरी २: पुस्तक उघडण्याआधी एक जुना पेपर सोडवा

त्या मुलीची पिशवी मी बाजूला ठेवली आणि तिला एक जुना पेपर दिला. तयारी शून्य असताना पेपर सोडवायला मुलांना लाज वाटते. पण हा पेपर गुणांसाठी नसतोच. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या 150 प्रश्नांच्या पेपरात कायदेविषयक कल आणि तर्कशक्ती यांना प्रत्येकी 40 प्रश्न होते, सामान्यज्ञान आणि इंग्रजीला प्रत्येकी 30 आणि गणिताला फक्त 10. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नव्हतं आणि सर्वांत मोठा विभाग होता इंग्रजीचा, 50 प्रश्नांचा. हे प्रमाण एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठल्या पुस्तकाला किती वेळ द्यायचा हे निम्मं तिथेच ठरतं. माझ्याकडे आलेला बीकॉमचा एक मुलगा दोन महिने संविधानाची कलमं पाठ करत होता आणि इंग्रजीला त्याने हातही लावलेला नव्हता. पेपर आधी पाहिला असता तर ते दोन महिने सत्कारणी लागले असते.

सोडवून झाल्यावर प्रत्येक विभागापुढे नुसतं लिहा: बरोबर किती, अंदाजाने बरोबर किती, वेळ किती. अंदाजाने आलेलं उत्तर वेगळं मोजा. ही पानभर नोंद तुमच्या वहीचं पहिलं पान.

पायरी ३: पायासाठी एकच संच

पायासाठी माझी पसंती शाळेच्या पुस्तकांना आहे. बालभारतीची नववी-दहावीची राज्यशास्त्राची पुस्तकं, मग अकरावी-बारावीची. विज्ञान शाखेच्या मुलांनी ती कधी हातात धरलेली नसतात. ई-बालभारतीवर ती फुकट उतरवता येतात, मराठीत आहेत आणि सोपी आहेत. त्यानंतर एनसीईआरटीचं अकरावीचं संविधानावरचं पुस्तक, इंग्रजीत. एकच विषय आधी मराठीत समजून मग इंग्रजीत वाचला की कायद्याची इंग्रजी परिभाषा आपसूक बसते, त्यासाठी शब्दकोश घेऊन बसावं लागत नाही.

मग मूळ संविधान. त्याची मराठी प्रत शासनाने काढलेली आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला जाऊ नका, वाट चुकाल. उद्देशिका, मग मूलभूत हक्कांचा तिसरा भाग, निदेशक तत्त्वं, 51क मधली मूलभूत कर्तव्यं, मग राष्ट्रपती, संसद, सर्वोच्च आणि उच्च न्यायालय, आणि केंद्र-राज्यांच्या अधिकारांच्या याद्या असलेली सातवी अनुसूची. पहिल्या फेरीत एवढंच.

मराठी माध्यमाच्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. न्यायालयाच्या पाच आदेशांची नावं दोन्ही भाषांत लिहून भिंतीवर लावा: बंदी प्रत्यक्षीकरण म्हणजे हेबियस कॉर्पस, परमादेश म्हणजे मँडॅमस, प्रतिषेध म्हणजे प्रोहिबिशन, उत्प्रेषण म्हणजे सर्शिओरारी आणि अधिकारपृच्छा म्हणजे क्वो वॉरंटो. प्रश्नाचा मराठी अनुवाद कधी इतका अवघड असतो की इंग्रजी ओळ वाचल्यावरच अर्थ लागतो. कधी याच्या उलट. दोन्ही दारं उघडी हवीत.

आता एमपीएससीची पुस्तकं. ती टाकून देऊ नका. त्यांतलं राज्यघटनेचं प्रकरण उजळणीला फार छान, कारण तक्ते तयार मिळतात. पण त्यातला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र मुळापासून वाचायला गेलात तर सीईटी निघून जाईल. राज्याच्या सीईटीतलं सामान्यज्ञान रुंद असतं, खोल नसतं.

जुन्या पुस्तकांचा एक धोका मात्र मोठा आहे. 1 जुलै 2024पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि 1872च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाची शिक्षा जुन्या कायद्यात कलम 302 मध्ये होती, आता 103 मध्ये. फसवणुकीचं प्रसिद्ध 420 आता 318 झालं. भावाबहिणीचं 2022चं पुस्तक वापरायचं असेल तर आधी पेन्सिल घेऊन बसा आणि फौजदारी कायद्याचं प्रत्येक कलम तपासून नवा आकडा बाजूला लिहा. एक रविवार लागतो. तो गेला तर जाऊ द्या. सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर मूळ कायदे आहेत. कलमाचा आकडा तिथूनच घ्यायचा, व्हिडिओतून नाही, ग्रुपमधून नाही आणि एआयला विचारून तर नाहीच. एआयकडून एखादी संकल्पना सोप्या भाषेत समजून घ्यायला हरकत नाही, पण आकडा मूळ कायद्यात डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका.

पायरी ४: कायद्याचा प्रश्न सोडवायला शिका

कायदेविषयक कलाच्या विभागात एक तत्त्व देतात, एक घटना देतात आणि विचारतात, आता निकाल काय? मुलं इथे सर्वांत जास्त अडखळतात आणि हे पुस्तक वाचून सुटत नाही. मी वाचनालयात सांगते ते उदाहरण असं.

तत्त्व: धोका माहीत असून जो तो स्वेच्छेने पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही.

घटना: बागेत नारळ पाडायचं काम चालू आहे. मालकाने दोरी बांधली आहे, पाटी लावली आहे आणि माडावरचा माणूस ओरडून सांगतो आहे. तरी एक शेजारी दोरी ओलांडून आत येतो आणि गप्पा मारत माडाखाली उभा राहतो. नारळ खांद्यावर पडतो. भरपाई मिळेल का?

एक मुलगा पटकन म्हणाला, "नारळ मालकाचो, मगे भरपाई मालकानच देवक व्हयी ना?"

गावच्या बैठकीत कदाचित असंच ठरेल, शेजारधर्म म्हणून. पण प्रश्नात शेजारधर्म दिलेला नाही. तत्त्वात दोन अटी आहेत: धोका माहीत हवा आणि तो स्वेच्छेने पत्करलेला हवा. पाटी, दोरी आणि ओरडणं यांमुळे पहिली अट पुरी झाली, दोरी ओलांडली म्हणून दुसरी. भरपाई नाही.

मग मी घटना थोडी बदलते. तोच शेजारी कुंपणाबाहेरच्या पाणंदीने चालला आहे, माड बाहेर झुकलेला आहे आणि त्या बाजूला पाटी नाही. आता? धोका त्याला माहीतच नव्हता. तत्त्व लागू होत नाही. तिसऱ्यांदा बदलते: पाटी आहे, पण शेजाऱ्याला वाचता येत नाही आणि कुणी ओरडलंही नाही. इथे मुलं भांडू लागतात. ती भांडू लागली की शिकवणी बरोबर चालली आहे असं मी समजते.

घरी एकट्याने करताना हेच करा. जुन्या पेपरातला एक प्रश्न घ्या, तत्त्वातल्या अटी मोजून लिहा, प्रत्येक अटीसमोर घटनेतला शब्द लिहा, मग घटना स्वतः बदला आणि उत्तर बदलतं का बघा. दिवसाला तीन प्रश्न असे केले तर वीस प्रश्न भराभर सोडवण्यापेक्षा हात जास्त बसतो. या पायरीसाठी साधन एकच: जुने पेपर. तत्त्वामागची कल्पना कळली नाही तरच व्हिडिओ बघा, आणि शिक्षक एकच धरा. तीन शिक्षकांचे तीन व्हिडिओ बघून उत्तर तेच राहतं, संध्याकाळ मात्र जाते.

पायरी ५: एक बातमी, पाच वाटा

साधनं एकत्र करणं म्हणजे नेमकं काय, हे इथे सर्वांत चांगलं दिसतं. बहुतेक मुलं चालू घडामोडींची मासिक पीडीएफ वाचतात आणि आठवड्यात विसरतात. कारण त्या माहितीला कुठे खुंटीच नसते.

मालवणच्या बंदरावरचा एक जुना वाद घ्या: पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणारी जाळी, लावणारे मोठे ट्रॉलर आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणारे पारंपरिक मच्छीमार. स्थानिक वर्तमानपत्रात ही बातमी हंगामात येतेच. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात ती जेवताना बोलली जाते. ही तुमची पहिली वाट, बातमी. कोण काय मागतंय, एवढंच दोन ओळींत लिहा.

दुसरी वाट, संविधान. सातवी अनुसूची उघडा. राज्यसूचीत 21व्या नोंदीला मत्स्यव्यवसाय आहे. संघसूचीत 57व्या नोंदीला क्षेत्रीय सागराबाहेरचा मत्स्यव्यवसाय. म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा आणि त्यापलीकडे केंद्राचा. हे एकदा समुद्राकडे बघत समजलं की केंद्र-राज्य अधिकारविभागणी पाठ करावी लागत नाही.

तिसरी वाट, कायदा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981चा आहे. त्याचं नाव, वर्ष आणि उद्देश इंडिया कोडवर बघा. आत खोल शिरू नका, तुम्ही अजून वकील झालेला नाहीत.

चौथी वाट, मूलभूत हक्क. ट्रॉलरवाला म्हणतो, कलम 19(1)(छ) नुसार मला व्यवसायाचं स्वातंत्र्य आहे. सरकार म्हणतं, कलम 19(6) नुसार सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. रापणवाला म्हणतो, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इथे 1985चा ओल्गा टेलिस खटला आठवायचा, मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांचा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क कलम 21 शी जोडला.

पाचवी वाट, सराव. याच विषयावर स्वतः एक तत्त्व आणि एक घटना लिहा आणि सोबतच्या मैत्रिणीला सोडवायला द्या.

पाच वाटांना मिळून दीड तास लागतो. आठवड्याला असा एकच विषय घ्या. बाकीच्या बातम्या वरवर चालतील.

आपल्या मुलखात असे विषय पावलोपावली आहेत. हापूसला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते बौद्धिक संपदेच्या प्रकरणाची खुंटी, कायदा 1999चा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927चा हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यावरचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1937मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने संपला, हे मुलांना ठाऊक नसतं. अस्पृश्यांना तळ्याला स्पर्श न करू देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे दावा लावणाऱ्या सवर्णांना सिद्ध करता आलं नाही. 'रूढी हा कायद्याचा स्रोत कधी होतो' हा प्रश्न परीक्षेत आला तर तळं डोळ्यांसमोर यावं.

आणि बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचे, राजापूर मतदारसंघाचे खासदार. 1967मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. त्याच वर्षी नाथ पैंनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं खासगी विधेयक मांडलं. ते संमत झालं नाही, पण 1971ची 24वी घटनादुरुस्ती त्याच वाटेने आली आणि 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी मूलभूत संरचनेचा सिद्धांत दिला: संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिचा गाभा बदलता येत नाही. हा सगळा क्रम पुस्तकात रुक्ष वाटतो. आपल्या जिल्ह्यातला माणूस त्यात उभा आहे हे कळलं की तो एका बैठकीत लक्षात राहतो. मी स्वतः तो असाच लक्षात ठेवला.

वर्तमानपत्र एक मराठी घ्या आणि संपादकीय पान सोडू नका. क्लॅट देणाऱ्यांनी रोज एक इंग्रजी अग्रलेखही वाचावा, आणि वाचून झाल्यावर लेखकाचा मुद्दा एका मराठी वाक्यात लिहावा. ते वाक्य जमलं नाही तर उतारा कळलेला नाही. आकाशवाणीच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या दात घासताना ऐकून होतात, त्याला नेट लागत नाही.

पायरी ६: तर्क, इंग्रजी, गणित

तर्कशक्तीसाठी त्या मुलीच्या पिशवीतलं बँकेचं पुस्तक उत्तम होतं. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, विधान-निष्कर्ष हे प्रकार तिथे भरपूर आहेत. नवीन पुस्तक घ्यायची गरज नाही. फक्त बँकेतली फार लांबलचक कोडी सोडून द्या, तेवढी इथे येत नाहीत. रोज वीस प्रश्न, घड्याळ लावून. गणिताला आठवड्यातून एक तास पुरे: शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, काळ-काम-वेग.

इंग्रजीचं व्याकरण नव्याने शिकायला वेळ नसतो. जुन्या पेपरातला इंग्रजी विभाग सोडवा आणि ज्या नियमावर चुकता तेवढाच नियम शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातून बघा. शब्दसंग्रहासाठी वेगळं ॲप नको. वाचलेल्या अग्रलेखातले दिवसाला पाच शब्द, ज्या वाक्यात आले त्या वाक्यासकट लिहा.

पायरी ७: चुकांची वही

इतकं सगळं एकत्र बांधणारी ही वही. साधी दोनशे पानी. प्रत्येक चुकलेल्या किंवा अंदाजाने बरोबर आलेल्या प्रश्नासाठी तीन ओळी: प्रश्न काय होता, मी काय उत्तर दिलं आणि का. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. 'निष्काळजीपणा' असं लिहून मोकळं होऊ नका, त्याने काहीच कळत नाही.

कारणं मुख्यतः चार निघतात आणि प्रत्येक कारण वेगळ्या साधनाकडे पाठवतं. माहितीच नव्हती, तर पायाच्या पुस्तकाकडे. माहिती होती पण प्रश्न नीट वाचला नाही, 'नाही' हा शब्द सुटला, तर पुस्तकाकडे जाऊन उपयोग नाही. तसेच दहा प्रश्न पेनाने शब्द अधोरेखित करत सोडवा. दोन पर्यायांत अडकले, तर मूळ कायद्याकडे किंवा संविधानाकडे, कारण फरक बहुधा एका शब्दाचा असतो. वेळ संपला, तर घड्याळ लावून छोट्या चाचण्या.

त्या मुलीच्या वहीतली एक नोंद मला आठवते. प्रश्न होता, मालमत्तेचा हक्क कुठल्या प्रकारचा? तिने मूलभूत हक्क लिहिलं होतं. कारणाच्या ओळीत: 'पिशवीतल्या जुन्या पुस्तकात वाचलं होतं.' आम्ही ते पुस्तक काढून बघितलं. पुस्तकात बरोबरच होतं, मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता आणि 1978च्या 44व्या दुरुस्तीने तो काढून कलम 300क मध्ये घटनात्मक हक्क म्हणून ठेवला, असं पूर्ण लिहिलेलं होतं. तिने अर्धं वाक्य वाचून पान उलटलं होतं. तिने कारण खोडलं आणि नवं लिहिलं: 'वाक्याच्या शेवटापर्यंत जात नाही.' पुढच्या दोन पानांवर तिला त्याच कारणाच्या आणखी सहा चुका सापडल्या. तिला नवीन पुस्तक लागणारच नव्हतं.

पायरी ८: सराव परीक्षा आणि नेटचं दुखणं

सराव परीक्षांची मालिका एकच घ्या, विकत किंवा फुकट, पण एकच. दोन मालिकांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत आणि मनाला उगाच हेलकावे बसतात. एक सराव परीक्षा दोन तासांची आणि तिची तपासणी तीन तासांची, असा हिशेब धरा. तपासणी न करता रोज एक परीक्षा देणारी मुलं महिनाभर त्याच गुणांवर अडकलेली मी पाहिली आहेत.

राज्याच्या सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटची चार मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे इतरांच्या तुलनेत, लागतो, त्यामुळे आपलं सत्र कठीण गेलं म्हणून रडत बसू नका, इतरांनाही ते कठीणच गेलेलं असतं. क्लॅटमध्ये मात्र चारांपैकी निदान दोन पर्याय खात्रीने बाद झाले तरच हात घाला.

मोबाइलवर सराव करून थेट संगणकावर परीक्षा दिली तर पहिली दहा मिनिटं माऊस शोधण्यात जातात. कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा तालुक्याच्या एमएस-सीआयटी केंद्रात विनंती करून निदान चार परीक्षा संगणकावर द्या.

नेट जातं, पावसात वीजही जाते. म्हणून ज्या दिवशी बाजाराला किंवा कॉलेजला जाल त्या दिवशी आठवड्याचे दोन व्हिडिओ, पेपर आणि पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून घ्या. पेपर छापून घेतले तर फारच चांगलं, मेणबत्तीवरही सोडवता येतात. वाचनालयांचा उपयोग करा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828चं आहे, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864चं. गावोगावची छोटी वाचनालयंही वर्तमानपत्रांचे जुने अंक राखून असतात. महिन्याच्या बातम्या एका बैठकीत बघायला त्याहून चांगली जागा नाही.

वेळापत्रक

जून ते गणपती: पायाची पुस्तकं, संविधानाची पहिली फेरी आणि रोजचे तर्काचे वीस प्रश्न. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, त्या आठवड्यात अभ्यास होणार नाही हे आधीच धरून चाला, म्हणजे नंतर हळहळ होत नाही. गणपती ते दिवाळी: जुने पेपर विभागवार आणि आठवड्याचा एक पाच वाटांचा विषय. क्लॅटवाल्यांनी याच काळात पूर्ण परीक्षा सुरू कराव्यात. दिवाळीनंतर बोर्ड. जानेवारीपासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत सीईटीला दिवसाला फक्त अर्धा तास, तोही वही आणि बातम्या. बोर्डानंतर पूर्ण सराव परीक्षा. तेव्हा आंब्याचा हंगाम असतो आणि बागायतदारांच्या घरात पेट्या भरायला सगळे हात लागतात. घरच्यांशी मार्चमध्येच बोलून ठेवा की सकाळचे तीन तास माझे.

कागदपत्रं

अभ्यास चालू असतानाच अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर यांतलं तुम्हाला जे लागू असेल ते काढायला घाला. जात पडताळणीला वेळ लागतो. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. मुंबईचं 1855चं शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचं आयएलएस वर लिहाच, पण रत्नागिरीचं भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय किंवा कुडाळचं व्हिक्टर डांटस यादीत ठेवायला संकोच करू नका. घरून जाऊन-येऊन शिकता येतं आणि पहिल्या वर्षापासून जिल्हा न्यायालय जवळ मिळतं.

प्रवेशपत्र आलं की केंद्राचा पत्ता नकाशावर बघा. केंद्र लांबचं असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा, महामार्गावर आणि सकाळच्या एसटीवर त्या दिवशी भरवसा टाकू नका. दप्तरात प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली आणि चुकांची वही ठेवा. पुस्तकं घरी राहू द्या. रात्री वहीतल्या फक्त तिसऱ्या ओळी वाचा आणि दहाच्या आत झोपा.